घरात वहिनी म्हणणारं कोण?

“लग्न? कुणाचं लग्न?”

आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे असं पाहिलं, जणू त्यातून आता वरातच निघणार आहे.

“माझं,” मी म्हटलं.

“तुझं लग्न झालंय?”

“झालंय असं नाही हो आण्णा. झालंय का, असं त्या विचारतायत.”

“त्या कोण?”

“कॉलेजच्या बाई. अमेरिकेतल्या.”

आण्णा, म्हणजे माझे वडील, खाली बसले. साखर कारखान्याच्या ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस. कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांनी ती मेल दोनदा वाचली आणि मग मला मराठीत सांगायला लावली.

मेल मिनेसोटातल्या एका लहानशा कॉलेजातून आली होती. कॅरन नावाच्या बाईंनी फार जपून लिहिलं होतं. तुझ्या अर्जात तुला भावंडं नाहीत असं आहे. निबंध मात्र तू तुझ्या सिस्टर-इन-लॉवर लिहिला आहेस. लहानपणापासून तू तिच्या घरी राहतेस, तिच्या हातचं जेवतेस, तिच्याजवळ झोपतेस. भाऊ नसताना सिस्टर-इन-लॉ आहे, म्हणजे ती नवऱ्याकडची असावी, असं आमच्या समितीला वाटतं. तू विवाहित आहेस का? लहानपणी तुझं लग्न लावून दिलं होतं का? तू सुरक्षित आहेस ना? या गोष्टी स्पष्ट होईपर्यंत तुझ्या शिष्यवृत्तीचा निर्णय थांबवला आहे.

“आता ही सिस्टर-इन-लॉ कुठनं काढलीस?” आण्णांनी विचारलं.

“वहिनी,” मी म्हटलं. “वहिनीला इंग्रजीत तेच म्हणतात की.”

आण्णांनी कपाळावर हात मारून घेतला.

वहिनी म्हणजे माझी आई. सख्खी, जन्म दिलेली. मी तिला वहिनी म्हणायचे, आणि का म्हणते हे कधी माझ्या मनातही आलं नव्हतं. कितीतरी घरांत पोरं वडिलांना दादा म्हणतात, आईला ताई म्हणतात. आमच्याकडे वहिनी. माझी थोरली काकू सगळ्यांचीच अक्का होती. आण्णासुद्धा तिला अक्काच म्हणत. थोरले काका वारल्यापासून ती आमच्यातच होती, म्हणजे मला आठवतंय तेव्हापासून. तिचा एक मुलगा लहानपणीच गेला होता एवढं मला ठाऊक होतं, पण त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. तर मला एक अक्का होती आणि एक वहिनी होती. आई म्हणावं असं माणूस घरात नव्हतं, आणि त्याची कमीही कधी वाटली नव्हती.

‘तुला घडवणाऱ्या व्यक्तीबद्दल लिही,’ असा निबंधाचा विषय होता. दुसरं कोण सुचणार? वहिनीची शाळा आठवीत सुटलेली. पण मी शाळेतून आले की ती भाजी निवडता निवडता म्हणायची, “आज काय शिकलीस ते मला शिकव.” मी शिकवायचे. मध्येच ती हात थांबवायची आणि म्हणायची, “हितं उडी मारलीस.” म्हणजे इथं तू एक पायरी गाळलीस, तुलाच नीट कळलेलं नाही. ती पायरी मी शोधून काढायचे तेव्हा कुठे ती परत भाजीकडे वळायची. मला गणित येतं ते एवढ्यामुळेच. हे सगळं मी जीव ओतून लिहिलं आणि वहिनी या शब्दाला शाळेत पाठ केलेला इंग्रजी शब्द घातला. सांगलीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी निबंध तपासला, दोन स्वल्पविराम हलवले आणि भाषा बिनचूक आहे म्हणून पाठ थोपटली.

त्या कॉलेजवर मी सगळं लावलं होतं. परदेशी मुलांना सगळा खर्च देणारी जी थोडी कॉलेजं होती, त्यांतलं ते एक. बाकीच्यांनी डिसेंबरातच नाही कळवलं होतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मी आण्णांशी भांडून भरला नव्हता. भरला असता तर मन तिकडे गेलं असतं, असं माझं त्या वेळचं तत्त्वज्ञान. आता या एका शब्दापायी मी धड इकडची ना तिकडची राहणार होते.

आण्णांनी माझ्या जन्मदाखल्याची प्रत पाठवायला लावली. आईचं नाव त्रिशला, वडिलांचं नाव अमुक, गाव जयसिंगपूर. सोबत मी पानभर खुलासा लिहिला की सिस्टर-इन-लॉ म्हणजे माझी आईच आहे, मी तिला ‘वहिनी’ अशी हाक मारते इतकंच. मला वाटलं, मिटलं.

कॅरनबाईंचं उत्तर दुसऱ्या सकाळी आलं. दाखल्याबद्दल आभार. पण आम्ही विचारेपर्यंत ती सिस्टर-इन-लॉ होती आणि विचारल्यावर आई झाली, याचा आम्हाला उलगडा होत नाही. तुझ्या घरातल्या त्या बाईंशी आम्हाला बोलायचं आहे. आमच्याकडे मोहरील नावाच्या प्राध्यापिका आहेत, त्यांना मराठी येतं, त्या मध्ये बोलतील.

“उलट आणखी वाईट दिसायला लागलं,” मी म्हटलं. “त्यांना वाटतंय मी बनाव रचतेय.”

“अमेरिकेच्या बाईला सांग,” अक्का आतून म्हणाली, “पोरीचं लगीन लावायचं आसतं तर जयसिंगपुरात काय पोरांचा दुष्काळ पडलाय व्हय? तुझ्या निबंधाची वाट बघत बसलो असतो?”

आमच्या भागात बायकासुद्धा ‘मी आलो, मी बसलो’ असंच बोलतात. मोहरीलबाईंना ते कळेल की नाही, याचीही मला चिंता लागली. वहिनीनं कुठलं पातळ नेसावं, कॉम्प्युटर कुठल्या भिंतीशी ठेवावा, मागं कॅलेंडर दिसू द्यावं की नको, सगळ्याचीच चिंता. मी जेवणावरून उठून जायचे. वहिनी मात्र गप्प होती. मेल आल्यापासून ती नेहमीपेक्षा जास्तच गप्प होती, आणि तिला कॅमेऱ्याची भीती वाटते आहे अशी मी समजूत करून घेतली.

“हे बघ,” मी तिला पढवलं, “त्या विचारतील, पोरगी वहिनी का म्हणते. तू म्हणायचं, घरातले म्हणायचे, ते ऐकून शिकली. बास. लांबड लावायची नाही.”

“बरं,” वहिनी म्हणाली.

“म्हणून दाखव बघू.”

“सांगतो म्हटलं की,” ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला उठून गेली.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही कॉम्प्युटरपुढे बसलो. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. मी आणि वहिनी पुढे, आण्णा पाठीमागे खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून. अक्का स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि तिनंही येते म्हटलं नव्हतं. पडद्यावर दोन बायका आल्या. कॅरनबाई पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्यानं प्रेमळ. मोहरीलबाई गोल चेहऱ्याच्या, कपाळाला बारीकशी टिकली.

“वहिनी, जरा पुढं सरक,” मी म्हटलं, आणि जीभ चावली. एव्हाना तेवढा एक मराठी शब्द कॅरनबाईंना येत होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मोहरीलबाई हसून म्हणाल्या, “घाबरू नका हो ताई. मी नागपूरची. दोनचार गोष्टी विचारते फक्त. तुम्ही सुव्रताच्या कोण?”

“मी तिची आई,” वहिनी म्हणाली.

तिच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता असं नाही, पण त्या सकाळी तो मला परका वाटला.

“मग ती तुम्हाला वहिनी का म्हणते?”

“घरातले म्हणायचे. ते ऐकून शिकली.”

“हां!” मोहरीलबाईंचा चेहरा उजळला. “असतं, असतं. माझी मामेबहीण स्वतःच्या आईला काकू म्हणायची, मरेपर्यंत.” आणि त्या कॅरनबाईंकडे वळून इंग्रजीत समजावू लागल्या, की मोठ्या कुटुंबात मुलं असं करतात, इतरांच्या तोंडची हाक उचलतात. कॅरनबाई मान डोलावू लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात मोहरीलबाई सहज, गप्पा मारल्यासारख्या आमच्याकडे वळल्या. “म्हणजे सुव्रताचे बाबा मोठे, नाही का? धाकटे दीर म्हणत असतील वहिनी.”

“नाही, नाही,” आण्णा पाठीमागून म्हणाले. कुठलीही नोंद चुकीची गेलेली त्यांना खपत नसे. “मी धाकटा. थोरले माझे बंधू, ते वारले.”

“अच्छा. थोरले दीर तर वहिनी म्हणणार नाहीत. नावानं हाक मारत असतील.”

“नावानंच,” आण्णा म्हणाले.

“मग नणंदा?”

“आम्हाला बहीण नाही.”

मोहरीलबाई थांबल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं; मराठी माणूस नात्यांचा हिशेब लावतो तसा त्या लावत होत्या आणि तो लागत नव्हता.

“मग घरात वहिनी म्हणणारं कोण?”

शेजारी, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते खरं नव्हतं. गल्लीत तिला सगळे ‘सुव्रताची आई’ म्हणत. दूधवाला, भाजीवाली, समोरच्या चौगुलेकाकू, सगळे. आख्ख्या जयसिंगपुरात तिला वहिनी म्हणणारी मी एकटी होते. हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

कॅरनबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मोहरीलबाईंनी सांगितलं, अगदी खरं तेच सांगितलं. कॅरनबाई पुढे झुकल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, “सुव्रता, तुला आमच्याशी एकटीला बोलायचंय का? बाकीच्यांना बाहेर जायला सांगू का?”

मी वहिनीकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, एक क्षण मलाही शंका आली. हिनं माझ्यापासून काय लपवलंय? ही माझी कोण?

“वहिनी, सांग की,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “का म्हणते मी वहिनी?”

“सवय,” ती म्हणाली. तिची बोटं पदराचं टोक दुमडत होती. “लागली सवय. त्यात सांगण्यासारखं काय हाय?”

“ताई, तुम्ही काही सांगितलं तर मुलीचंच भलं होईल,” मोहरीलबाई म्हणाल्या.

“सवय लागली म्हटलं की बाई.”

आणि तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की भाकरी थापल्याचा आवाज मघापासून बंद आहे.

अक्का बाहेर आली. दोन्ही हात पिठानं भरलेले होते. “सरक,” ती वहिनीला म्हणाली.

“अक्का, तुम्ही कशाला? तव्यावर भाकरी...”

“जळंल तर जळू दे. सरक.”

ती कॉम्प्युटरच्या इतकी जवळ बसली, की पलीकडे तिचं नुसतं कपाळ दिसत असणार. आण्णांनी मागून हात घालून पडदा सारखा केला.

“तुम्ही त्या बाईला सांगा,” अक्का म्हणाली. “मी हिची थोरली जाऊ. मला भरत म्हणून पोरगा हुता. नुकता बोलायला लागला हुता. बोलायचा म्हंजे काय, आई एवढंच म्हणायचा. दिवसभर आई, आई. तापात गेला. त्या वक्ताला ही सुव्रता रांगत हुती. मग काही म्हयन्यांनी ही बोलायला लागली.”

वहिनीनं डोळे मिटून घेतले होते.

“पयल्यांदा आई म्हणाली तवा मी चुलीम्होरं बसलो हुतो. तिनं तिच्या आईलाच हाक मारली हुती. पण मी ओ दिली. ओ दिली आन् मग मला कळलं.” अक्कानं गाल पुसला. गालावर पीठ लागलेलं तिला कळलं नाही. “दुसऱ्या दिवसापासनं ही त्रिशला पोरीला खोलीत न्यायची, दार लावायची आन् शिकवायची. वहिनी म्हण. वहिनी म्हण. पोरगी आई म्हणायची आन् ही तिच्या तोंडावर हात ठेवायची. मग घरात ती हाकच बंद झाली.”

“तुम्हाला ठाऊक हुतं?” वहिनी म्हणाली.

“भिंत केवढीशी हाय गं ती.”

“मग कधी बोललासा नाही.”

“नाही बोललो. म्हणायला पायजे हुतं, की बाई, असं करू नगंस, तुझं पोर हाय. पण नाही म्हटलं. बरं वाटलं मला.” मग ती पडद्याकडे वळली. “लिवून घ्या म्हणावं. आई हीच हाय. ते वहिनी माझ्यासाठी हाय.”

मोहरीलबाई इंग्रजीत सांगू लागल्या. दोन वाक्यांवर त्या अडल्या, पाणी प्यायल्या आणि परत पहिल्यापासून सांगितलं. कॅरनबाईंनी काही लिहून घेतलं नाही. त्या नुसत्या बघत होत्या. कधी अक्काकडे, कधी वहिनीकडे. शेवटी त्यांनी आभार मानले, निर्णय यथावकाश कळवू म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला. यातून माझं भलं झालं की वाटोळं, हे मला अजिबात कळलं नाही. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मेल उघडायची धास्ती आणि न उघडून चैन नाही. एक मन म्हणायचं, त्यांना पटलं असणार. दुसरं म्हणायचं, एवढी रडारड ऐकून ही माणसं नाटकीच आहेत असं त्यांचं मत झालं असणार. आणि त्यात घरात एक नवीनच पंचाईत. मला कुणाला काही हाक मारता येईना. वहिनी म्हणायला तोंड उघडलं की ते पीठ लागलेले हात दिसायचे. आई म्हणावं तर जीभ रेटायची नाही. मी नुसतं “अगं, ऐकलंस का” यावर भागवू लागले.

“आता खरंच लग्न झाल्यासारखी बोलायला लागलीस,” आण्णा म्हणाले.

एकदा अक्कानं मला गच्चीवर पापड वाळत घालताना गाठलं. “म्हण की तिला आई. मला काय हुत नाही आता.”

मी खाली जाऊन वहिनीपुढे उभी राहिले. ती डाळ निवडत होती. तिला सगळं कळत होतं.

“ऱ्हाऊ दे,” ती वर न बघता म्हणाली. “असं ठरवून म्हणायचं नसतंय ते.”

मला रडू फुटलं. तिनं मला जवळ घेतलं नाही. शेजारी बसायला जागा केली आणि सुपातली अर्धी डाळ माझ्यापुढे सरकवली.

मार्च संपत आला तेव्हा एका सकाळी मेल आली. आण्णा आंघोळीला गेले होते. त्या दोघी स्वयंपाकघरात होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. मी बाहेरच्या खोलीत एकटी. विषयाच्या ओळीत नुसतं कॉलेजचं नाव होतं, त्यावरून काही कळत नव्हतं. घाईत दोनदा भलतंच काहीतरी उघडलं. मग पत्र उघडलं. पहिला शब्द अभिनंदनाचा होता. दुसऱ्या ओळीत शिष्यवृत्ती होती. पुढचं मी वाचलंच नाही. ठेच लागली, विंचू चावला, काही झालं तरी माणसाच्या तोंडून जे निघतं, तेच माझ्या तोंडून निघालं, आणि तेही गल्ली हादरेल एवढ्या मोठ्यानं.

“आई!”

आतून दोघींनी एकदमच ओ दिली.

भांड्यांचा आवाज थांबला. मग दोघी दारात आल्या, एकीच्या हातात उलथणं, दुसरीचे हात ओले. मी कुणाला हाक मारली होती ते त्यांनी विचारलं नाही. आज इतकी वर्षं झाली, अजून कुणी विचारलेलं नाही.